डाव्या सीटचं वजन

इथले भुताटकीचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय... आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात दुरुस्त करत वाचतोय. कुणाच्या घरात दार आपोआप वाजतं, असं वाचलं की मला वाटतं, बिजागरीत तेल घाला. कुणाच्या माळ्यावर दुपारी पावलं वाजतात – पत्रा तापला की वाजणारच. माझा धंदाच तो. मी मोटर मेकॅनिक आहे, आणि गाडीतला आवाज शोधून काढणं हे माझं खास काम. आवाज आला म्हणजे काहीतरी कशावर तरी घासतंय, एवढंच मला ठाऊक होतं.

घरातलं वळणही तसंच. आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, तेव्हाच घरातले देवांचे टाक, गंडेदोरे, अंगारे सगळं मुळा नदीत सोडलं. वडील शाळेत शिक्षक. गल्लीत कुणा बाईच्या अंगात आलं की ते आम्हाला म्हणायचे, त्या बाईनं सकाळपासून काही खाल्लंय का ते आधी विचारून या. अशा घरात वाढलेल्या माणसाला हे लिहायला इतकी वर्षं लागली, तर नवल मानू नका.

तर... नव्वदच्या दशकाचा अगदी शेवट. नगर–मनमाड रस्त्यावर राहुरीत शिरताना डाव्या हाताला माझं गॅरेज होतं. एक पत्र्याची शेड, पुढे मुरूम टाकलेलं अंगण, एक कडुलिंब. मी तिशीचा. त्याआधी सहा वर्षं नगरला मुनीरभाईंच्या हाताखाली काम केलेलं. मुनीरभाई म्हणजे त्या काळातले जुने मिस्त्री, बोनेटवर नुसता तळहात ठेवून कुठला सिलिंडर मिस मारतोय ते सांगणारे.

ऊसतोडीचे दिवस होते. रस्त्यावर बैलगाड्या, ट्रॅक्टर, सगळीकडे पाचट उडत होतं, आणि त्यातून एक दिवस सकाळी लाल रंगाची दोन सीटची स्पोर्ट्स कार माझ्या अंगणात येऊन उभी राहिली. फायबरची बॉडी, बुटकी, छत काढता येणारं. राहुरीत तशी गाडी एकच होती आणि ती जनावरांच्या डॉक्टरांची होती. डॉ. म्हस्के. पंचेचाळीस-सत्तेचाळीस वय, अंगानं किरकोळ, हसरा माणूस. गाय अडली की या लाल गाडीतून वस्तीवर जायचे, मागच्या छोट्या डिकीत औषधांची पेटी. लोक हसायचे, तेही हसायचे. तरुणपणापासूनची हौस होती. पुण्यातून वर्षभर वापरलेली गाडी त्यांनी घेतली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता... निदान माझी तरी तशी खात्री आहे.

तक्रार साधी होती. मागच्या डाव्या चाकाकडून सस्पेन्शनचा आवाज येतो. कर्र... असा, लांब. जुन्या बाजेवर जाड माणूस बसल्यावर येतो तसा.

मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. गाडीचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला – आवाज नाही. खड्ड्यातून चालवली – नाही. जॅकवर घेतली, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकेका जोडावर टेकवून मूठ कानाला लावली. शांत. रबरी बुश असतात, ते सुकले की करकरतात, म्हणून एकेका बुशवर साबणाचं पाणी सोडून पाहिलं. पाण्यानं आवाज बदलला तर दोषी तोच. पण बदलायला आधी आवाज तर यायला हवा. शेवटी गाडी कडुलिंबाखाली उभी केली, हात धुतले, डबा उघडला... आणि पहिला घास घेताना आवाज आला. कर्र.

गाडी बंद. आत कुणी नाही. जवळपास कुणी नाही.

मला वाटलं, धातू थंड होतोय. जवळ जाऊन पाहिलं. मडगार्ड आणि टायरमधल्या फटीत उजव्या बाजूला माझी चार बोटं जात होती. डाव्या बाजूला तीनच. टेपनं मोजलं, सतरा मिलिमीटरचा फरक. स्प्रिंग बसलीय, असं ठरवून मी जेवायला गेलो. जेवून आलो आणि पुन्हा मोजलं तर दोन्ही बाजू सारख्या.

पुढचे तीन दिवस मी त्या गाडीवर घालवले. बुश नवे टाकले. शॉकअप बदलले. डावी स्प्रिंग उजवीकडे, उजवी डावीकडे लावली. मेकॅनिक लोकांना हे कळेल – पार्ट खराब असेल तर तो जिकडे जाईल तिकडे दोष जातो. इथे दोष डावीकडेच राहिला. दिवसातून दोनदा-तीनदा गाडी माझ्या डोळ्यांदेखत डाव्या अंगाला सावकाश खाली बसायची, कर्र करून. पंधरा-वीस मिनिटांनी परत वर यायची. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी गाडीकडे पाठ करून काम करायचं टाळतोय.

एसटीडी बूथवरून मुनीरभाईंना फोन लावला. दुसऱ्या दिवशी ते एसटीनं आले. म्हातारा दोन तास मडगार्डवर हात ठेवून स्टुलावर बसला. दोनदा आवाज झाला. मग हात पुसत पुसत म्हणाले, "विलास, आवाज दोन हाय. बसताना येगळा, उठताना येगळा. खराब बुशला येवढं कळत न्हाई." चहा प्यायले. जाताना एवढंच सांगितलं, की एकदा काट्यावर घालून वजन कर, आणि वजनात काही निघालं तर मालकाला गाडी परत दे, हात लावू नको.

साखर कारखान्यातला काटेवाला माझ्या ओळखीचा होता, त्याची लुना माझ्याकडेच यायची. आम्ही गेलो त्या दिवशी साफसफाईसाठी गाळप बंद होतं, उसाच्या गाड्यांची रांग नव्हती. डॉक्टरही आले होते. गाडी काट्यावर घातली, आम्ही दोघं उतरून केबिनमध्ये गेलो. लाल आकडे उमटले: ७६०. काटा दहा-दहा किलोनं सरकायचा, त्यामुळे वाऱ्या-बिऱ्यानं हलण्यातला नव्हता. आम्ही खिडकीतून रिकाम्या गाडीकडे बघत बसलो. काटेवाला मला विचारत होता की नक्की काय बघायचंय.

दहा-बारा मिनिटांनी आकडा हलला. ७७०... ७९०... ८२०. तिथे थांबला.

काटेवाला उठून बाहेर गेला, गाडीभोवती फिरला, आत वाकून पाहिलं, खालून पाहिलं. परत आला. म्हणाला, "गाडीत कुनी न्हाई. आन काटा खोटं बोलत न्हाई. घ्या तुमची गाडी तिकडं."

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी मला सांगितलं की शैलाताई, म्हणजे त्यांची बायको, महिना झाला, त्या गाडीत बसत नाही. एकदा बसली आणि लगेच उतरली. म्हणाली, सीट गरम आहे, आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखी. शिवाय घरी रोज वाद होत होते. कोल्हारच्या बाजूला व्हिजिटला गेले की यांना यायला उशीर होतो, आणि हे शपथेवर सांगतात की मी सरळ घरी आलो.

आता मागे वळून पाहिलं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मी मेकॅनिक. मला वाटलं, हे सगळं कोल्हारच्या रस्त्यावर घडतंय, तर त्या रस्त्यावरच ऐकायला हवं. मागच्या सस्पेन्शनचा आवाज पकडायची एक जुनी पद्धत आहे – एकानं चालवायचं, दुसऱ्यानं डिकीत आडवं होऊन कान लावायचा. डिकी लहान होती, पण मीही तेव्हा काडीसारखा होतो.

दुपारी पावणेतीनला आम्ही निघालो. मी उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, पाठ सीटच्या मागच्या पातळ पत्र्याला लागलेली, कान डाव्या चाकाच्या कमानीवर. हवेसाठी डिकीच्या कडीत चिंधी अडकवून चार बोटं फट ठेवली होती. त्या फटीतून मागे पळणारा डांबरी रस्ता आणि कडेचा मुरूम दिसत होता. बाहेर लख्ख ऊन. राहुरी फॅक्टरी गेली, मळीचा वास गेला. सस्पेन्शन एकदम चांगलं चालत होतं, नव्या गाडीसारखं. मला जरा हसूही आलं.

मग गाडी हळू झाली आणि थांबली.

फटीतून दिसणारा रस्ता स्थिर झाला. डांबरावर उसाचं एक टिपरू पडलं होतं, ते मला आजही दिसतं. डाव्या दाराचा खटका वाजला. दार उघडलं. मुरुमावर पाय वाजायला हवे होते, फटीतून निदान सावली दिसायला हवी होती – काही नाही. आणि माझ्या कानाखाली, अगदी जवळून... कर्र. डिकी माझ्यासकट डाव्या अंगाला खाली गेली. दार लागलं.

डॉक्टर म्हणाले, "या. आज मला उशीर झाला."

मग शांतता. समोरचा बोलत असतो तेव्हा आपण थांबतो, तेवढी. मला कुणाचंही बोलणं ऐकू आलं नाही, पण डॉक्टर मधूनमधून हं, हं करत होते. मग म्हणाले, नाही, घरी काही सांगितलं नाही. पुन्हा थांबले. म्हणाले, तिला ही गाडी आवडत नाही. सगळं मऊ आवाजात, आपल्याच माणसाशी बोलावं तसं. मी हाक मारणार होतो. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "हो. मागे आहे. ऐकतोय."

माझ्या पाठीला लागलेला पत्रा हलला. पलीकडून कुणीतरी सीटवर मागे रेलावं तसा तो सावकाश आत आला. माझी पाठ दाबत दाबत, बोटभर, दोन बोटं. माझ्या छातीत हवा उरली नाही. ओरडायचं सुचलं नाही. मला फक्त एवढंच वाटत होतं की हे वळलं तर माझ्या आणि त्याच्यामध्ये फक्त हा पत्रा आहे.

किती वेळ गेला माहीत नाही. मग डॉक्टरांचं शेवटचं वाक्य ऐकू आलं.

"आज नको. आज विलास आहे. उद्या मी एकटाच येतो."

गाडी सुरू झाली. पत्रा तसाच दाबलेला. कोल्हारपर्यंत मी हाताचं बोटही हलवलं नाही.

प्रवरेच्या पुलाअलीकडे डॉक्टरांनी डिकी उघडली. चेहरा नेहमीसारखा हसरा. सापडला का आवाज, म्हणाले. मी बाहेर आलो. विचारलं, मध्ये कुठे थांबलो होतो? ते म्हणाले, कुठेच नाही, सरळ आलो, पंचवीस मिनिटं झाली असतील. मी त्यांना माझं घड्याळ दाखवलं. सव्वाचार वाजून गेले होते. त्यांनी स्वतःचं घड्याळ पाहिलं, कानाला लावलं, पुन्हा पाहिलं. मग ते रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. त्यांचं बोलणं मी त्यांना सांगितलं नाही. फक्त चावी मागून घेतली.

परत मी चालवायचं ठरलं, ते डावीकडे बसले. माझं गणित सरळ होतं – सीटवर माणूस बसला की सीट भरली. दुसऱ्याला जागा कुठे? पाच-सहा किलोमीटर काही झालं नाही. ऊन उतरत होतं, दोन्ही बाजूंना ऊस. मग ठरावीक अशी एक जागा आली का, ते मला सांगता येणार नाही, पण आवाज आला. मी ब्रेक मारला नव्हता, गाडी चाळीसच्या वेगात होती, दार बंद होतं.

डॉक्टर म्हणाले, "विलास, पाय हलत नाहीत रे माझे. जड होतंय."

मी बाजूला पाहिलं. त्यांची पाठ सीटमध्ये रुतली होती, शर्टाची बटणं ताणली होती, मान मागे. श्वास घेताना घशातून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. मी गाडी मुरुमावर घेतली, पलीकडे धावलो, दार उघडलं, त्यांच्या काखेत हात घालून ओढलं. साठ किलोचाही माणूस नव्हता तो. मला हलवता आला नाही. मी दाराच्या खालच्या उंबऱ्यावर पाय रोवून पुन्हा ओढलं, ओळखीच्या, अनोळखी, सगळ्या शिव्या दिल्या... आणि एकदम वजन सुटलं. आम्ही दोघं मुरुमावर पडलो. पडल्या पडल्या मी वर पाहिलं. गाडी रिकामी होती आणि अजून डाव्या अंगाला खालीच बसलेली होती.

गाडी कुलूप लावून तिथेच सोडली. एक वडाप जीप मिळाली, तिनं राहुरीला आलो. डॉक्टरांना घरी सोडलं, आणि शैलाताईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, ते वाक्यसुद्धा. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "उद्या म्हनाले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला डॉक्टर गॅरेजवर आले. अंघोळ केलेली, इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. हातात औषधांची पेटी नव्हती. मला म्हणाले, "कोल्हारला गाय अडलीय. तुम्ही चावी द्या."

सहा वर्षांच्या ओळखीत या माणसानं मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

मी नाही म्हटलं. त्यांनी रागावून नाही, आवाज चढवून नाही, तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तोच सूर, तेवढेच शब्द. मी पुन्हा नाही म्हटलं. असं आठ-दहा वेळा झालं असेल. माझे कान आवाजाला तयार झालेले आहेत म्हणून सांगतो, प्रत्येक वेळी वाक्याला अगदी तेवढाच वेळ लागत होता. मी चावी पँटच्या खिशात मुठीत घट्ट धरून उभा होतो, आणि त्यांनी हात पुढे केला असता तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

शैलाताई धापा टाकत आल्या. दूध तापवायला आत गेल्या तेवढ्यात हे निघाले होते. आल्या आल्या त्यांनी नवऱ्याचा हात धरून त्यांना बाकावर बसवलं आणि स्वतः डाव्या बाजूला चिकटून बसल्या. तशाच बसल्या. ते मधूनमधून चावी मागायचे, त्या हात सोडायच्या नाहीत. साडेबाराच्या सुमाराला डॉक्टरांनी पाणी मागितलं. प्यायले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, विलास, मी इथे कधी आलो रे? तेव्हा पहिल्यांदा शैलाताई रडल्या.

त्यांच्या दोन्ही मांड्यांवर आडवे काळे-निळे पट्टे उमटले होते. पंधरा दिवस होते. नगरच्या डॉक्टरांनी मार लागलाय म्हणून मलम दिलं.

डॉक्टर चावी मागायला आले त्याच दुपारी गाडी मी आणि मुनीरभाईंनी ट्रकवर चढवून आणली. डॉक्टरांनी लिहून दिलं की तिचं हवं ते कर. मी ती खोलली. एकेक नट, एकेक पत्रा, सीटचा फोमसुद्धा कापून पाहिला. दोन्ही स्प्रिंगा मोजल्या, उंची एकसारखी. बुशला ओरखडा नाही. सीटमागचा पत्रा सपाट होता, त्यावर साधा पोचाही नव्हता. पुण्याच्या पहिल्या मालकाला फोन केला. धडधाकट माणूस, मूल झालं म्हणून दोन सीटची गाडी विकली होती. अपघात नाही, कुणी गेलं नाही, त्याच्याकडे कधी आवाजही नाही. त्या रस्त्यावर विचारपूस केली. कुणाकडेही सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. असती तर मला बरं वाटलं असतं. पार्ट भंगारात वेगवेगळे गेले, इंजिन एका कॉलेजला शिकवायला दिलं.

डॉक्टर त्यानंतर स्कूटरवर फिरले, पुढे निवृत्त झाले. त्यांना त्या सकाळचं काही आठवत नाही. मीही कधी आठवण करून दिली नाही. शैलाताईंशी मात्र एकदा बोललो. म्हटलं, मला अजून कारण सापडलेलं नाही. त्या म्हणाल्या, "तुमी कारन शोधा, विलासभाऊ. मला मानूस मिळाला."

त्यांचं बरोबर आहे. पण मी त्या गाडीचा शेवटचा नट काढेपर्यंत रोज टेप लावून डावी बाजू मोजत होतो, ती पुन्हा कधी खाली बसली नाही. मुनीरभाईंनी सांगितलेले दोन्ही आवाज मला पाठ होते, बसतानाचा आणि उठतानाचा. त्या संध्याकाळी मुरुमावर पडलो असताना गाडी खाली बसलेली होती. ट्रकवर चढवायला गेलो तेव्हा ती सरळ उभी होती. मधल्या रात्री किंवा सकाळी ते उतरलं असणार. कुठे उतरलं, आणि तिथून कुणाच्या सोबत गेलं, हे मला आजही माहीत नाही.